आचलचा निबंध आणि गल्लीच्या कुरडया

सेलूच्या बाजारात 'डोमाजी किराणा भांडार' कुठे आहे असं विचारलं, तर कोणीही बोट करून दाखवतं. शकुंतलाबाई कुठे आहेत असं विचारलं, तर तेच बोट लगेच खिशात जातं.

डोमाजी म्हणजे शकुंतलाबाईंचे मालक. ते गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून दुकानाची पाटी त्यांची, पोती उचलणं मुलाचं म्हणजे प्रफुलचं, आणि गादी शकुंतलाबाईंची, अशी वाटणी आहे. शकुंतलाबाईंची शाळा दुसरीपर्यंत झाली. तिसरीचा वर्ग गावात होता, पण त्या वर्गाच्या नशिबात शकुंतलाबाई नव्हत्या, असं त्या स्वतःच सांगतात. बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत आणि वरच्या जाहिरातीतला खोटेपणा, एवढं त्यांना वाचता येतं. त्यापलीकडे वाचण्यासारखं जगात फारसं नाही असं त्यांचं मत होतं, ते या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत.

दुकानाचा एक नियम मात्र आधी सांगून ठेवला पाहिजे. गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर आहे. संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लागला, की या दुकानातून मीठ आणि सुई बाहेर जात नाही. दिवेलागणीनंतर मीठ दिलं की घरातली लक्ष्मी त्याच्या मागोमाग उंबरठा ओलांडते. आता कोणी म्हणेल, मग गरजवंताला रिकाम्या हातानं परत पाठवायचं? तर तसं शकुंतलाबाईंनी आजवर केलेलं नाही. मीठ मागणाऱ्या बाईला त्या थांबवून ठेवतात, आतून वाटीभर लोणचं आणतात आणि म्हणतात, "हे घे. भाजीत टाकजो. मीठ याच्यातच हाय. म्या विकलं बी नाई अन् दिलं बी नाई." लक्ष्मीला यात खोड काढायला जागा राहत नाही.

रोज दिवा लागला की शकुंतलाबाई देवळात हरिपाठाला जातात. तेवढा वेळ गादीवर त्यांची नात आचल बसते. तिला सगळे नियम पाठ आहेत. निदान शकुंतलाबाईंचा तसा समज होता.

आचल यंदा बारावीला. तिनं पुण्याचं एक कॉलेज शोधून काढलं होतं. तिथे नुसत्या मार्कांवर घेत नव्हते. प्रवेश परीक्षा होती. पहिला भाग गोल काळे करण्याचा, आणि दुसरा निबंधाचा, मराठीतून लिहिला तरी चालणारा. प्रफुलनं बापाच्या जातीला शोभेल अशी अट घातली. "याच्यात निघाली तं पुणे. नाई निघाली तं वर्ध्याले बी.कॉम., अन् संध्याकाळी हाच गल्ला. मंग रडायचं नाई."

आचल "बरं" म्हणाली. ती कमी बोलते. हा गुण तिनं कोणाकडून घेतला हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

गोल काळे करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. घोडं अडलं निबंधात. सराव परीक्षेचा पेपर तपासून आला, तेव्हा शकुंतलाबाई गादीवर बसून तुरीच्या डाळीतले खडे पाहत होत्या.

"काय म्हनते तो तपासनारा?"

आचलनं वाचून दाखवलं. "मुद्दे बरोबर. भाषा शुद्ध. मात्र निबंधात लिहिणारी व्यक्ती कुठेच दिसत नाही."

शकुंतलाबाईंनी डाळीचं सूप खाली ठेवलं. "दिसत नाई? पाच फूट पाच इंचाची पोट्टी त्याले दिसत नाई? चष्मा लाव म्हना त्याले! अन् मार्क किती देल्ले?"

आचलनं सांगितलं. ते मार्क इथे लिहिण्यासारखे नाहीत.

नातीचे मार्क कमी आले याचं शकुंतलाबाईंना फारसं वाटलं नाही. मार्क काय, पावसासारखे, कधी येतात कधी नाही. त्यांना लागलं ते 'दिसत नाही'. त्यांच्या घराण्यातलं माणूस कुठे गेलं आणि दिसलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. डोमाजी तर लग्नाच्या पंगतीत आले की वाढपी आपोआप भराभर चालायला लागत. त्यांची नात दिसत नाही म्हणजे काय? त्याच संध्याकाळी देवळाच्या पायरीवर, चार बायांच्या देखत, त्यांनी सांगून टाकलं, "आमची आचल निबंधात पहिली येनार हाय. पुन्याले."

झालं. आता ते आणून दाखवणं भाग होतं. शकुंतलाबाईंनी निबंधाचं काम हातात घेतलं.

सुरुवात रूपराव गुरुजींपासून झाली. गुरुजी वडनेरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि सेलूला मुलाकडे येऊन राहिले. निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. ते रोज इस्त्रीचा सदरा घालून दुकानात येतात, एक काडेपेटी घेतात आणि तासभर शिकवतात.

"निबंध म्हनजे वरात," गुरुजी म्हणाले. "पहिले बँड वाजला पाहिजे. म्हनजे सुभाषित. मंग नाचनारे. म्हनजे थोरांची वचनं. नवरदेव घोड्यावर बसून सगळ्यात मागून येते. तो म्हनजे आपला मुद्दा."

"पण गुरुजी, शब्द पाचशेच आहेत," आचल म्हणाली.

"मंग?"

"पाचशेत बँडच मावतो. नवरदेव घरीच राहून जाईल."

"आचल!" शकुंतलाबाई ओरडल्या. "वडीलधाऱ्याशी बोलाची रीत हाय का हे?" मग साखर आणायचं निमित्त करून त्या मागच्या कोठीत गेल्या आणि तोंडात पदर कोंबून पोटभर हसल्या. पोरगी बोलत नाही, पण बोलली की आपल्यासारखी बोलते, हे त्यांनी साखरेच्या पोत्याला सांगितलं. साखर न घेताच बाहेर आल्या.

गुरुजी मात्र नेटानं आठवडाभर येत राहिले. त्यांनी आचलकडून सुभाषितं पाठ करून घेतली. कोणताही विषय आला तरी चालतील अशी. आचलनं त्यांच्या समाधानासाठी एक निबंध लिहूनही दाखवला. गुरुजींनी डोळे मिटून ऐकला आणि "वा!" म्हणाले. शकुंतलाबाईंनी डोळे उघडे ठेवून ऐकला आणि त्यांना पहिल्यांदा शंका आली की त्या तपासणाऱ्याला चष्म्याची गरज नसावी. निबंधात भर्तृहरी होता, चाणक्य होता, दोन नद्या आणि एक हिमालय होता. सेलूतलं कोणीच नव्हतं.

"याच्यात तू कुठं हायस वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेच तं पाहून राह्यली, आजी."

आता शकुंतलाबाईंना काय करायचं ते कळलं. एका डोक्याचं हे काम नव्हे. ते दिवस कुरडयांचे होते. आमच्याकडे कुरडया कोणी एकटीनं करत नाही. गहू भिजवायचा, वाटायचा, त्याचा चीक काढायचा, पहाटे तो भल्या मोठ्या पातेल्यात शिजवायचा, आणि गरम आहे तोवर गच्चीवर सगळ्या गल्लीनं मिळून सोऱ्यातून कुरडया घालायच्या. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या. कोणाचा हात लागला नाही तर ती रुसते. शकुंतलाबाईंनी हिशेब केला, की ज्या गल्लीनं आजवर इतक्या लग्नांच्या कुरडया पाडल्या, तिला एक निबंध पाडणं जड जाणार नाही.

तेव्हा त्यांच्या घरच्या कुरडयांच्या दिवशी गच्चीवर एका कोपऱ्यात आचलला पाट टाकून, कागद-पेन देऊन बसवलं. सून हर्षा, म्हणजे आचलची आई, चुलीवरचा चीक हलवायला. बाकी बाया सोऱ्या घेऊन गोलात.

"विषय सांग वं सगळ्याइले," शकुंतलाबाईंनी हुकूम दिला.

"मागच्या वर्षीचा होता, 'माझ्या परिसरातील एक समस्या'."

"एक?" प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीत होत्या, त्यामुळे चारचौघींत पहिलं बोलण्याचा हक्क त्यांचाच. "लिही. आमच्या घरासमोरची नाली. बारा महिने तुंबलेली रायते."

"नाली कायची लिहिते?" कौशल्याबाईंनी सोऱ्या वर धरला. त्यांचं घर प्रमिलाबाईंच्या शेजारी. "पुन्याच्या लोकायले नाली दाखवतेस काय? मोबाइल लिही. सुना मोबाइल पाहून राह्यल्या अन् दूध उतू जाऊन राह्यलं."

"नाली कोनाच्या पान्यानं तुंबते ते बी लिही मंग, आचल. लिही, 'काही लोक आपल्या घरचं धुन्याचं पानी...'"

"काही लोक म्हनजे कोन?"

"म्या नाव घेतलं का?"

"घे नं! घेऊन पाहा!"

आचलचं पेन चालूच होतं. तिला सांगितलं होतं, ऐकेल ते लिही. नालीच्या मागे मोबाइल आला, मोबाइलच्या मागे बसस्टँडवरचे कुत्रे, मग कोणाच्या तरी नणंदेचं गुडघ्याचं ऑपरेशन. ते समस्येत कसं बसतं हे विचारायची सोय नव्हती, कारण ती नणंद तिथेच कुरडया घालत होती. नाली सोडायला प्रमिलाबाई तयार नव्हत्या आणि पाणी कबूल करायला कौशल्याबाई. हर्षा चीक हलवायचं विसरून भांडण ऐकत राहिली. तिचाही दोष नाही. टीव्हीवर इतकं चांगलं लागत नाही. चीक खाली लागला. करपल्याचा वास सुटला तेव्हा शकुंतलाबाई गरजल्या, "निबंध राहू द्या! पातेलं उतरवा!" त्या धावपळीत वाऱ्यानं आचलचे कागद उडाले आणि नेमके ओल्या कुरडयांवर जाऊन बसले.

ते सोलून काढले, पण शाई कुरडयांवर राहिली. त्या खेपेतली कुरडई आजही तळायला काढली की तिच्यावर निळं काहीतरी दिसतं. एकीवर तर 'समस्या' एवढं स्वच्छ उमटलं आहे की प्रफुल ती कोणाला खाऊ देत नाही.

संध्याकाळी आचलनं कागद जुळवून निबंध वाचून दाखवला. तो चांगला भरला होता. पाचशेच्या तिप्पट तरी असेल. आता कापायचं कोणाचं? प्रमिलाबाईंनी निरोप पाठवला की नालीला हात लावाल तर बघा. कौशल्याबाईंनी निरोप पाठवला की नालीला हात लावला नाही तर बघा. नणंदेनं गुडघ्याचा एक्स-रे पाठवला. शकुंतलाबाईंनी न्यायबुद्धीनं सगळ्यांचंच कापलं आणि त्या स्वतः बोलल्या होत्या तेवढंच ठेवलं. तर उरलं एकच वाक्य: 'पातेलं उतरवा.'

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई आपला सोऱ्या परत घेऊन गेल्या. गल्लीत बोलचाल बंद.

"आजी," आचल म्हणाली, "याच्यातही मी दिसत नाई. गल्ली दिसते."

शकुंतलाबाईंनी करपलेलं पातेलं पुढे ओढलं. राखेनं घासायला घेतलं. "मंग लिही तुले लिहाचं ते," त्या म्हणाल्या. "आमी काय, अडानी मानसं." हे वाक्य त्या तेव्हाच वापरतात, जेव्हा समोरच्यानं लगेच "तसं नाई, आजी" म्हणावं अशी इच्छा असते. आचल तसं म्हणाली. पण जरा उशिरा म्हणाली.

त्यातच प्रवेशपत्र आलं. कॉम्प्युटरवरून काढलं, तर नाव बरोबर, केंद्र वर्धा, सही बरोबर; आणि फोटोच्या चौकोनात काहीच नाही. कोरा पांढरा चौकोन.

"पाहा!" शकुंतलाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आता तं सरकारी कागदावर बी दिसत नाई!"

मदतीच्या नंबरवर फोन लावला. त्यात एक बाई सारखी सांगत होती की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शकुंतलाबाईंनी तिला दोनदा सांगितलं की महत्त्वाचा आहे तर उचल. शेवटी एका माणसानं उचलला आणि म्हणाला, फोटो चिकटवा आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का आणा.

सेलूत राजपत्रित अधिकारी शोधणं म्हणजे एप्रिलमध्ये सावली शोधणं. एक मीटिंगला गेले होते. दुसऱ्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी येणारे अजून येत होते. तिसऱ्यांच्या दाराशी शिपाई म्हणाला, साहेब आहेत, पण शिक्का नाही. शकुंतलाबाई त्याला म्हणाल्या, "शिक्का असता अन् साहेब नसते तं आमचं भागलं असतं." उन्हात फिरून दोघींचे चेहरे लाल झाले. शेवटी रूपराव गुरुजींनी, सुभाषितांव्यतिरिक्त प्रथमच, उपयोगाची गोष्ट सांगितली: जनावरांचे डॉक्टरही राजपत्रित असतात.

गुरांच्या दवाखान्यात गर्दी होती. पुढे एक म्हैस, मागे एक गोऱ्हा, मध्ये आचल. डॉक्टर भला माणूस. म्हशीला इंजेक्शन दिलं, हात धुतले, फोटो पाहिला, आचलकडे पाहिलं, सही केली आणि शिक्का मारला. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. आचलच्या गालावर ठळक अक्षरांत: पशुधन विकास अधिकारी.

"माह्या नातीले जनावराच्या डॉक्टरनं पास केलं," बाहेर आल्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या. "हे जर गल्लीत कोनाले सांगशील, तं पाहाजो!"

गल्लीत ते त्यांच्या आधीच पोचलं होतं. म्हैस कौशल्याबाईंच्या भावाची होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दोघी केळझरला जाऊन गणपतीच्या पाया पडून आल्या. शकुंतलाबाईंनी डोळे मिटून मागितलं, की देवा, त्या तपासणाऱ्याला पोरगी दिसू दे. आचलनं काय मागितलं कोण जाणे. ती बराच वेळ हात जोडून उभी होती, आणि एकदा तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून आजीकडे पाहिलं. शकुंतलाबाईंना ते तेव्हा भक्तीचं लक्षण वाटलं.

वर्ध्याच्या केंद्रावर शिपायानं प्रवेशपत्र पाहिलं, शिक्क्यावर एकदा टिचकी मारली आणि आत सोडलं. शकुंतलाबाई समोरच्या कडुनिंबाखाली इतर आईबापांत जाऊन बसल्या. तिथे नागपूरच्या एका बाई आपल्या मुलाला तीन-तीन क्लास लावल्याचं सांगत होत्या. "आमच्या पोट्टीले अख्खी गल्ली लावली होती," शकुंतलाबाई म्हणाल्या. बाईंनी पर्स उघडून काहीतरी शोधायला घेतलं.

आचल बाहेर आली ती शांत होती. नेहमीच्या शांतपणात आणि या शांतपणात फरक होता. किराण्याच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला गिऱ्हाईक आत पाय टाकतानाच कळतं की हे मागायला आलं आहे की सांगायला.

"काय होता विषय?"

"'ज्या व्यक्तीचा तुम्ही आदर करता, तिच्याशी तुमचा एखाद्या बाबतीतला मतभेद.'"

"मंग? कोनाचा लिहिला?"

"तुझा."

शकुंतलाबाईंना आधी आदराचं ऐकू आलं. त्यांनी पदर सारखा केला. मतभेदाचं मागून पोचलं. "माह्याशी कायचा मतभेद वं तुहा?"

"मिठाचा," आचल म्हणाली. मग तिथेच कडुनिंबाखाली, नागपूरच्या बाईंच्या देखत, तिनं निबंधात काय लिहिलं ते सांगितलं.

हरिपाठाच्या वेळात ती दुकानातून मीठ विकत होती. आजकाल नव्हे, दोन वर्षं. रुख्माबाई आणि तिच्यासोबतच्या बाया लोकांच्या वावरात कापूस वेचून, निंदण करून अंधार पडल्यावर गावात येतात. हातात मजुरी तेव्हाच पडते. त्यांना त्या रात्रीच्या भाजीपुरतं मीठ तेव्हाच लागतं. 'दिवेलागणीच्या आधी मीठ घ्यायला,' असं आचलनं लिहिलं होतं, 'दिवेलागणीच्या आधी घरी असावं लागतं. हा नियम ज्यानं केला, तो त्या वेळी घरी असणार.'

शकुंतलाबाईंच्या डोळ्यांपुढे मिठाच्या पोत्याची थप्पी आली. गेली दोन वर्षं मीठ फार सरत होतं. लोक खारट खायला लागले आहेत, म्हणून तर गल्लीत घरोघरी बीपीच्या गोळ्या, असं निदान त्यांनी खुद्द डॉक्टरला ऐकवलं होतं.

"लक्ष्मीपुढं बसून?" त्या एवढंच म्हणाल्या.

"हो."

"अन् त्या पुन्याच्या लोकायले लिहून देल्लं? आजी अशी हाय म्हनून?"

"तुझं बी लिहिलं, आजी. तू कोनाले रिकाम्या हातानं पाठवत नाई, लोणचं देते. म्या लिहिलं की माझी आजी नियम मोडत नाई, त्याला वळसा घालून माणसापर्यंत पोचते. मी सरळ गेली. पण मी चोरून गेली, अन् ती उजळ माथ्यानं जाते. आमच्यात बरोबर कोण, ते मला अजून ठरवता आलं नाई."

नागपूरच्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की रुमाल परत पर्समध्ये गेला.

सेलूपर्यंत बसमध्ये शकुंतलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं. तो त्यांना ओळखत होता आणि त्याला काळजी वाटली. खिडकीबाहेर कपाशी उपटलेली काळी वावरं मागे जात होती. बाईंच्या मनात काय चाललं होतं म्हणाल, तर राग होता, पण रागाला बसायला नीट जागा मिळत नव्हती. एका बाजूनं वाटे, पोरगी घरातली गोष्ट बाहेर सांगून आली. दुसऱ्या बाजूनं वाटे, आजवर या गावात शकुंतलाबाईंशी ज्यांचं पटलं नाही त्यांनी ते मनात ठेवलं, नाही तर गाव सोडलं. ही पहिली, जिनं ते तोंडावर सांगितलं, आणि सांगताना पापणी लवली नाही. हे बेणं कोणाचं? तर आपलंच.

बसस्टँडवर उतरल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "सुटं इकत होती का पुडा?"

"सुटं. पुडा त्याइले परवडत नाई."

"माप कोनतं?"

"तुझंच. लहान वाटी."

"भरून देत होती का नाई? शीग लावून?"

"शीग लावून."

"हं," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याशी भांडायला लागल्या. सगळं पूर्ववत झालं.

निकाल जूनमध्ये लागला. आचल निघाली. गोल काळे करण्यात ती वरच होती. पण निबंधात इतके मार्क होते की प्रफुलनं ते तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा तेच निघाले. शकुंतलाबाईंनी विचारलं, "शेरा काय हाय?" शेरा या वेळी नव्हता, नुसतेच मार्क. "मंग दिसली असन त्याले," त्या म्हणाल्या.

गल्लीत पेढे गेले तेव्हा कळलं, की हा निबंध सगळ्यांनीच लिहिला आहे. रूपराव गुरुजी सांगत होते, बँडचं तंत्र कामी आलं. प्रमिलाबाईंनी सोऱ्या परत आणून दिला आणि विचारलं, "नाली होती नं त्याच्यात?" कौशल्याबाई तिकडून म्हणाल्या, "नव्हती. म्हनूनच पास झाली." बोलचाल सुरू झाली होती.

आचलच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गर्दी नव्हती. बाहेर अंधारून आलं होतं. आचल नेहमीसारखी निरांजन घेऊन लक्ष्मीच्या तसबिरीपुढे उभी राहिली, वात सारखी केली आणि काडी ओढणार, तेवढ्यात गादीवरून आवाज आला.

"थांब."

शकुंतलाबाई आज हरिपाठाला गेल्या नव्हत्या. पाय आखडला म्हणाल्या. त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे नजर लावली होती. थोड्या वेळानं तिकडून रुख्माबाई आणि तिच्या सोबतिणी आल्या, डोक्याला फडकी, पायांना चिखल. गादीवर शकुंतलाबाई बसलेल्या पाहून रुख्माबाई जागच्या जागी थबकली आणि मागच्यांना हातानं खूण केली की, पुढे चला.

"ये वं रुख्मे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बाहीर काऊन उभी रायली?"

त्या उठल्या. मिठाच्या पोत्यात लहान वाटी घातली, शीग लावून भरली, कागदात पुडी बांधली. एकेकीला दिली. एक दाणा सांडू दिला नाही. शेवटची बाई रस्त्याला लागेपर्यंत त्या उंबरठ्यात उभ्या राहिल्या. मग वळल्या. आचल निरांजन हातात घेऊन तशीच उभी होती, आणि हसू दाबत होती.

"दात काऊन काढून राह्यली? नियम मोडला का म्या? दिवा लागला का अजून?"

"नाई, आजी."

"मंग! दिवा लागल्यावर मीठ नाई म्हंजे नाई. पन या दुकानात दिवा कवा लागते, ते माह्या हातात हाय. तुह्या बापाले बी सांगून ठेव, उद्यापासून त्या बाया येऊन गेल्याशिवाय काडी ओढाची नाई." त्या गादीवर बसल्या, पदर सारखा केला. "आता लाव. अन् त्या पुन्याच्या लोकायले कळवजो, मतभेद मिटला म्हनून. नाई तं मार्क कापून घेतीन."